दोर वळणारे हात आणि फासातली मान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका गावात आपल्या समाजातल्या तरुणाचा जातीवरून खून झाला होता आणि आम्ही सांगलीच्या कलेक्टर कचेरीसमोर धरणे धरले होते. घोषणा नेहमीचीच होती: आरोपींना फाशी झालीच पाहिजे. दुपारी भाकरी खायला झाडाखाली बसलो, तेव्हा वाळवा तालुक्यातून आलेले एक वयस्कर मातंग आबा आमच्याकडे बघत म्हणाले, "पोरांनो, सकाळधरनं फाशी द्या, फाशी द्या म्हणून वरडताय. पर फाशी द्याची कुनी, त्ये कुनी इचारलं का? दोर वळायचा आमी, आन् वढायचाबी आमीच. लई पिढ्या झालं ह्ये." कुणीतरी हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पाणी प्यायले आणि पुन्हा घोषणा द्यायला जाऊन बसले.

तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. फाशी कुणाला होते यावर आपण पुष्कळ बोलतो. फाशी देणारा हात कुणाचा असतो, आणि कुणाच्या मानेला फास लागूच नये म्हणून कोणी शास्त्र लिहून ठेवले, यावर फारसे बोलत नाही. सातारा-सांगलीच्या मातीत या दोन्ही गोष्टींचा इतिहास सापडतो. तो एकदा नीट मांडावा म्हणून हा लेख. (आज आपण मातंग म्हणतो. जुन्या कागदांत आणि पुस्तकांत मांग असे आहे. जिथे त्या काळाची गोष्ट आहे तिथे आम्ही तो शब्द तसाच ठेवला आहे.)

आधी दोराकडे बघू. आपल्या भागात अंबाडी आणि घायपाताचा वाख काढून दोर वळण्याचे काम मांगाचे. बैलाचा कासरा, गाईचे दावे, मोटेचा नाडा, शिंके, चऱ्हाट आणि शिवाय घरोघरची केरसुणी. शेतकऱ्याचे एकही काम या दोराशिवाय होत नव्हते. त्या दोराच्या बदल्यात बलुते म्हणून सुगीला पेंढ्या मिळत आणि वर विटाळ मिळे. याच हाताला आणखी एक काम लावून दिलेले होते, गुन्हेगाराला फाशी देण्याचे. इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात जी जातींची वर्णने लिहिली, त्यांत मांगांच्या कामांच्या यादीत दोर, केरसुण्या, वाजंत्री यांच्या शेजारी 'फाशी देणारे' असे सरळ लिहिलेले असते. सुताराने रंधा मारावा, कुंभाराने चाक फिरवावे, तसे मांगाने माणूस मारावा, असे गावगाड्याचे गणित.

यातला कावा समजून घेतला पाहिजे. मारण्याचा हुकूम देणारा वेगळा, शास्त्राचा आधार काढून देणारा वेगळा, आणि प्रत्यक्ष दोर ओढणारा तिसराच. हुकूम देणारा न्यायी ठरला, शास्त्र सांगणारा विद्वान ठरला, आणि दोर ओढणारा क्रूर ठरला. मराठीत निर्दय माणसाला 'मांगहृदयी' म्हणायची पद्धत होती, शब्दकोशांतही हा शब्द आहे. ज्याने हुकूम दिला त्याच्या जातीवरून असा शब्द तयार झाला नाही. भाषेने निवाडा कुणाविरुद्ध दिला, हे एवढ्या एका शब्दावरून कळते.

हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. बंगालमध्ये डोम जातीचा माणूस फाशी देताना शेवटच्या क्षणी मोठ्याने राणीची आणि जजसाहेबाची दुहाई देत असे, असे रिस्लेसारख्या इंग्रज लेखकांनी नोंदवले आहे. मरणाचे पाप आपल्या अंगाला लागू नये, ज्याने हुकूम दिला त्याच्याकडे जावे म्हणून ती आरोळी. आम्हांला वाटते, या देशातल्या फाशीच्या सगळ्या विधींमध्ये हा एकच विधी प्रामाणिक आहे. बाकीचे सगळे विधी हुकूम देणाऱ्याला सोवळे ठेवण्यासाठी आहेत. हा एकच विधी बोट वर करतो.

लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना २३ मार्च १९३१ रोजी फाशी देणारा काला मसीह होता, आणि ४ एप्रिल १९७९ रोजी झुल्फिकार अली भुट्टोंना फाशी देणारा त्याच घराण्यातला तारा मसीह. पंजाबातले मसीह म्हणजे बहुतांशी झाडूकाम करणाऱ्या चुहडा जातीतून ख्रिस्ती झालेले लोक. राज्य इंग्रजांचे होते तेव्हाही आणि इस्लामी राष्ट्र झाले तेव्हाही, हात त्याच वस्तीतला राहिला. युरोपातही जल्लादाला गावाच्या व्यवहारात स्थान नसे. न्यूरेंबर्ग शहराचा फ्रान्झ श्मिट हा जल्लाद आपली रोजनिशी लिहून गेला. त्याच्या बापाला एका सरदाराने जबरदस्तीने हे काम करायला लावले होते आणि तेव्हापासून ते घराणे बाटले. पण श्मिटने म्हातारपणी सम्राटाकडे अर्ज केला आणि १६२४ मध्ये सम्राटाने त्याच्या घराण्याची अप्रतिष्ठा कायमची पुसून टाकली. आमच्या वाळव्याच्या आबांच्या पणज्याने असा अर्ज कुणाकडे करायचा होता?

आता फासातल्या मानेकडे येऊ. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्पष्ट नियम आहे की इतर वर्णांना जिथे देहदंड, तिथे ब्राह्मणाचे मुंडन करावे. त्याने कोणताही अपराध केला असला तरी राजाने त्याला मारू नये, धनासह राज्याबाहेर घालवावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हे कलमही होते. आपले काही विद्वान मित्र म्हणतात की मनुस्मृती प्रत्यक्षात कधी लागूच नव्हती, ते नुसते पुस्तक होते. त्यांनी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा १८१९ चा अहवाल वाचावा. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखात न्याय कसा चालत होता याची माहिती त्याने सरकारला दिली. फाशी, शिरच्छेद, हत्तीच्या पायी देणे अशा शिक्षा त्यात आहेत. आणि ब्राह्मणाला उघड मारता येत नसल्यामुळे त्याला विष देत किंवा खाण्यातून मारीत, हेही आहे. निम्मे पीठ आणि निम्मे मीठ घालून केलेली भाकरी खाऊ घालण्याचा प्रकार त्यात येतो. म्हणजे जीव जायचा, पण ब्रह्महत्या घडायची नाही! मिठाच्या भाकरीने राज्याचे सोवळे वाचवले.

अपवाद होते, ते लपवायचे कारण नाही. सदाशिवरावभाऊंचा तोतया कनोजी ब्राह्मण होता, त्याला १७७६ मध्ये पुण्यात ठार केले. घाशीराम कोतवाल हाही उत्तरेकडचा ब्राह्मण. तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मेल्यावर ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. पण तिथेही सरकारने त्याला संतापलेल्या ब्राह्मणांच्या हवाली केले, त्यांनी ते केले. सत्तेच्या मुळावर कोणी आले किंवा ब्राह्मणांचाच जमाव उठला, की नियम वाकत असे. गरिबासाठी वाकल्याचे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आणि याच काळात मांग-महारांच्या मानेची किंमत काय होती, हे मुक्ता साळवेने लिहून ठेवले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मातंग मुलगी, वय अवघे चौदा. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला तर त्याचे डोके उडवून त्याचा चेंडू करून खेळत असत, आणि इमारतींच्या पायात या जातींच्या माणसांना पुरत असत, असे ती लिहिते. त्या मारण्याला खटला नव्हता, शास्त्री नव्हता, मिठाची भाकरीही नव्हती. ब्राह्मणाच्या मरणासाठी केवढी कारागिरी आणि मांगाच्या मरणासाठी एक खेळ. दोन्ही गोष्टी एकाच राज्यातल्या आहेत.

साताऱ्याचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव निघतेच. शास्त्रीबुवा आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, आणि चुलता राघोबा यात दोषी आहे असे रामशास्त्र्यांनी त्याच्या तोंडावर सांगितले. शाळेत आपण सगळ्यांनी हा धडा घेतला आहे. त्यांच्या धैर्याबद्दल आम्हांला शंका नाही. पेशव्याला पेशवाईत हे सांगणे सोपे नव्हते. पण शब्द नीट बघा: 'देहान्त प्रायश्चित्त'. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते. दोर नाही, मांग नाही, माळ नाही. राघोबाने ते घेतले नाही. पुढची दहा वर्षे त्याने इंग्रजांशी संधान बांधले, युद्धे केली आणि डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी अंथरुणावर मेला. ज्यांनी त्याच्या सांगण्यावरून शस्त्र चालवले त्यांच्यापैकी महंमद यूसुफ आणि तुळाजी पवार हे हाती लागले, आणि त्यांना मात्र प्रायश्चित्ताचा सल्ला कोणी दिला नाही, त्यांना ठार केले. एकच खून. हुकूम देणाऱ्याला शास्त्र आणि हुकूम पाळणाऱ्याला मरण. माहुलीच्या न्यायाची गोष्ट सांगताना हा अर्धा भाग गुरुजी का गाळतात, हे आम्ही लहानपणी विचारले नाही, आता विचारतो.

१८१८ नंतर इंग्रज आले. इंग्रजांनीही लगेच सगळ्या माना सारख्या केल्या असे समजू नका. १७७५ मध्ये कलकत्त्यात त्यांनी नंदकुमार या ब्राह्मणाला फासावर चढवले आणि देशभर हाहाकार झाला. पण बनारस प्रांतात १७९५ च्या कायद्याने त्यांनीच ब्राह्मणाला देहदंडातून सूट दिली होती, ती १८१७ मध्ये काढली. व्यापारी माणसे, जिथे परवडले तिथे मनूचे ऐकले. पुढे १८६० चा दंडसंहितेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला, तेव्हा कागदावर तरी खुनाची शिक्षा जात बघून ठरेनाशी झाली. चाफेकर बंधूंना १८९८-९९ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या देशभक्तीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही फक्त एवढी नोंद करतो की पेशवाई बुडाल्यावर बरोबर ऐंशी वर्षांनी चित्पावन ब्राह्मणाची मान आणि रामोशाची मान एका मापाने मोजली गेली. मान सारखी झाली. दोर ओढणारा हात मात्र इंग्रजांनी बदलला नाही, कारण तो त्यांना आयताच मिळाला होता.

रामोशाचे नाव आले म्हणून उमाजी नाईकांबद्दल. पुरंदरच्या या वीराला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली आणि प्रेत तीन दिवस पिंपळाला लटकवून ठेवले. पिंपळच का? ज्या झाडाला लोक प्रदक्षिणा घालतात, त्याच झाडाला टांगले की येणारा-जाणारा बघणारच. फाशी त्या काळी बघण्यासाठीच असे, बाजारासारखी, जत्रेसारखी.

साताऱ्यातली जत्रा ८ सप्टेंबर १८५७ ची. गेंडामाळ. छत्रपती प्रतापसिंहांना पदच्युत केल्यावर रंगो बापूजी गुप्ते यांनी कितीतरी वर्षे लंडनमध्ये राहून दाद मागितली, ती मिळाली नाही. परत आल्यावर त्यांनी उठावाची तयारी केली. बेत फुटला. रंगो बापूजी निसटले ते कायमचेच, पण त्यांचा मुलगा सीताराम आणि इतर मिळून सतरा जणांना त्या माळावर एका दिवशी मारले. काहींना फाशी, काहींना गोळ्या आणि काहींना तोफेच्या तोंडी.

एकाच दिवशी तीन तऱ्हा कशाला? तोफेने का उडवायचे, हे समजले पाहिजे. फाशी दिलेल्याचे प्रेत तरी उरते. नातेवाईक ते मागू शकतात, जाळू किंवा पुरू शकतात. तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसाचे काही उरतच नाही. हिंदूला अग्नी नाही, मुसलमानाला दफन नाही. मोगलांकडून घेतलेली ही पद्धत इंग्रजांनी १८५७ साली मुद्दाम सर्रास वापरली, कारण मरणापेक्षा मरणानंतरच्या विधींची भीती लोकांना जास्त आहे हे त्यांनी हेरले होते. मुंबईतही त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गादिया या दोन शिपायांना आजच्या आझाद मैदानाच्या जागी असेच उडवले. धर्माने माणसाला घातलेली भीती परक्या सरकारच्या किती उपयोगी पडली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

गेंडामाळावर आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. आम्ही तिथे जातो. त्या सतरा जणांत कायस्थ प्रभू होते तसे रामोशीही होते. पण भाषणांत नाव येते सीताराम गुप्त्यांचे, आणि मग 'व इतर'. ज्या जातींना पुढे १८७१ च्या कायद्याच्या मालिकेत 'जन्मजात गुन्हेगार' म्हणून पोलिसांच्या हजेरीला उभे केले, त्या जातींची माणसे त्या 'व इतर' मध्ये आहेत. १८५७ ला देशासाठी मेले तर 'इतर', आणि जगले तर गुन्हेगार. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे याच वाळवा तालुक्यातले. पोलीस पाटलाकडे हजेरी देणारी, दोर वळणारी, उपाशी मरणारी आणि तरी न वाकणारी माणसे त्यांनी 'फकिरा'त उभी केली आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्यांना शब्दकोशाने क्रूर ठरवले होते त्यांच्या पोराने शब्दकोशाला दिलेले ते उत्तर होते.

पुढे फाशी माळावरून उचलून तुरुंगाच्या भिंतीआड नेली. इंग्लंडमध्ये १८६८ ला उघड्यावरची फाशी बंद झाली, आपल्याकडेही हळूहळू तेच झाले. आज महाराष्ट्रात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोन तुरुंगांत आहे. विधी संपले नाहीत, फक्त पुरोहित बदलले. तुरुंगाच्या नियमपुस्तिका वाचा, एखादी पोथी वाचल्यासारखे वाटेल. कैद्याचे वजन करायचे, उंची मोजायची, त्यावरून दोराची लांबी ठरवायची. आदल्या दिवशी कैद्याच्या दीडपट वजनाचे वाळूचे पोते लटकवून दोर तपासायचा. फाशी दिवस उजाडण्याच्या सुमारास. बाकीचे कैदी बराकीत बंद. डोक्यावर टोपी ओढायची, हात मागे बांधायचे. अधीक्षक, दंडाधिकारी, डॉक्टर हजर. देह अर्धा तास लटकत ठेवायचा, मग डॉक्टरने सांगायचे की मेला. दोर बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगात कैदीच वळतात. दोर वळण्याचे काम मांगाकडून कैद्याकडे गेले, एवढी आपली प्रगती.

येरवड्यातच १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. त्याच येरवड्यात वीस महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९३२ ला, पुणे करारावर सह्या झाल्या. एका माणसाचा जीव वाचावा म्हणून कोट्यवधी अस्पृश्यांना आपला हक्क सोडावा लागला. त्या भिंतींनी दोन्ही पाहिले. गांधींच्या उपोषणाची खोली लोक दाखवतात, फाशीचे अंगण कोणी दाखवत नाही.

आमच्याच जिल्ह्यांनी या काळात आणखी एक प्रयोग केला, तोही सांगितला पाहिजे. १९४२ ते ४६ या काळात नाना पाटलांचे प्रतिसरकार सातारा-सांगलीच्या (तेव्हा एकच जिल्हा होता) गावोगाव चालले. त्यांच्या न्यायदान मंडळांनी सावकार, गुंड, खबरे यांना शिक्षा केल्या. दरोडेखोर आणि खबऱ्यांच्या बाबतीत रक्तही सांडले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती तळपायावर मारण्याची शिक्षा. शिक्षा अमलात आणणारे दलाचे तरुणच असत. त्या सरकारने फाशीचा खांब उभारला नाही आणि दोर घेऊन ये म्हणून मांगवाड्यात सांगावाही धाडला नाही.

स्वातंत्र्य आले आणि घटना लिहिली जाऊ लागली. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत चर्चा होती की फाशीच्या प्रत्येक खटल्यात सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा का. बाबासाहेब बोलायला उठले आणि त्यांनी सरळ सांगितले की त्यापेक्षा देहदंडच रद्द करणे मला अधिक पसंत पडेल. हा देश अहिंसेचे तत्त्व मानतो. लोक ते प्रत्यक्षात पाळत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून तरी मान्य करतात, म्हणून देहदंड मुळातून काढावा, असा त्यांचा विचार होता. धम्मदीक्षेच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट आहे. कायदेमंत्री म्हणून, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ते हे बोलले. आपल्या सभांमध्ये बाबासाहेबांची कितीतरी भाषणे वाचली जातात. हे आम्ही कधी ऐकले नाही. हरवलेल्या कागदासारखे ते पडून राहिले आहे.

पुढे त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला, त्यात अंगुलिमाल आहे. शेकडो माणसे मारणारा, ज्याला पकडायला प्रसेनजित राजा निघाला होता. राजाकडे फास तयार होता. बुद्धाने त्याला भिक्खू केले. काहीजण म्हणतील, ही गोष्ट झाली, राज्य असे चालत नाही. बरोबर. अशोकाचे राज्यही असे चालले नाही. धम्म स्वीकारलेल्या अशोकाने देहदंड रद्द केला नव्हता. चौथ्या स्तंभलेखात त्याने फाशी ठरलेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, नातेवाइकांना दाद मागता यावी, नाहीतर परलोकासाठी दान-उपवास करता यावा म्हणून. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१४ रोजी ठरवले की दयेचा अर्ज फेटाळल्यावर फाशीपूर्वी चौदा दिवस तरी द्यावेत. अशोकाचे तीन, आमचे चौदा. सव्वादोन हजार वर्षांत अकरा दिवस पुढे आलो!

आता आजच्या आकड्यांकडे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७६ टक्के मागास जाती-जमाती किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. जवळपास तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण देशात २४.५ टक्के, आणि आपल्या फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात निम्मे. अमेरिकेतही हेच दिसते. १९३० नंतर तिथे बलात्काराच्या गुन्ह्यात ४५५ जणांना मारले, त्यांतले ४०५ काळे होते. मनुस्मृती तिथे कोणी वाचलेली नाही, तरी आकडा मनूचाच निघाला.

महाराष्ट्रातलेच एक प्रकरण घ्या. २००३ मध्ये नाशिक भागात खून-बलात्काराचा गुन्हा घडला. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी ठेवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासावर ताशेरे ओढले, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. सोळा वर्षे तुरुंगात गेली. त्यांतला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. दयेचा अर्ज जरा लवकर फेटाळला गेला असता, तर हे पाच लाख कुणाच्या हातात दिले असते?

यावर आपलेच कार्यकर्ते चिडून विचारतात: मग खैरलांजीचे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना गावाने मारले. आपण राज्यभर रस्त्यावर आलो, फाशीची मागणी केली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. आपण पेढे वाटले. पण त्याच निकालात अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे म्हटले होते, विनयभंगाचे कलमही टिकले नाही. म्हणजे फास दिला आणि जात गाळली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीही काढली, २५ वर्षांची शिक्षा ठेवली. फास गेला. गाळलेली जात परत आली नाही. आपण फाशीच्या मागे इतके धावलो की निकालातली मुख्य जखम तेव्हा अनेकांच्या लक्षातच आली नाही.

आणि नोव्हेंबर २०१७ आठवा. अहमदनगरच्या न्यायालयात कोपर्डीच्या खटल्यात तिघा दलित आरोपींना फाशी झाली. त्या मुलीवर जे झाले ते भयंकर होते, त्याबद्दल आमच्या मनात दुसरा विचार नाही. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यातल्या खर्डा गावच्या सतरा वर्षांच्या दलित मुलाच्या खुनाच्या खटल्यातले सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. २०१६ च्या मोर्चांत सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर लाखो लोक फाशीची मागणी करीत चालले आणि त्याच दमात अॅट्रॉसिटी कायदा बदला म्हणाले. 'फाशी द्या' ही घोषणा आपल्याही तोंडी होती, त्यांच्याही तोंडी. जिच्या मागे संख्या, पैसा आणि साक्षीदार उभे राहिले ती फळाला आली. खर्ड्याच्या मुलाला फाशीचा कायदा नाही म्हणून न्याय नाकारला गेला नाही, साक्षीदारांना कोणी संरक्षण दिले नाही म्हणून नाकारला गेला. फाशीचा खांब उभा आहे तोवर तो आपल्याही हातात येईल असे आपल्याला वाटत राहते. तो खांब ज्याच्या गावात, ज्याच्या पोलीस ठाण्यात, ज्याच्या कचेरीत उभा आहे, त्याच्याच हातात राहतो.

मागच्या वर्षी आणखी एका प्रकरणात निवेदन लिहायला बसलो, तेव्हा मसुद्यातली पहिली मागणी नेहमीप्रमाणे फाशीची होती. बराच वाद झाला. शेवटी ती ओळ खोडली आणि लिहिले: अॅट्रॉसिटीची कलमे पहिल्याच दिवशी लावा, साक्षीदारांना पोलीस संरक्षण द्या, खटला विशेष न्यायालयात मुदतीत चालवा, आमच्या विश्वासाचा सरकारी वकील नेमा. दोघा कार्यकर्त्यांनी त्या निवेदनावर सही केली नाही. मारलेल्या पोराच्या आईला हे तोंड कसे दाखवायचे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याला आमच्याकडे अजून पुरते उत्तर नाही. त्यांच्याशी बोलणे चालू आहे. वाळव्याच्या आबांनाही निवेदन वाचून दाखवले. त्यांनी अंगठा दिला आणि विचारले, सरकारी वकील कवा नेमतील.